घराघरांपर्यंत आलेला कॅमेरा

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी चांदा येथे जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली. नागपूरच्या सोहळ्याला तेव्हा अवघे दोन दिवस झाले होते. बॅरिस्टर राजाभाऊ खोबरागडे यांच्या पुढाकाराने झालेल्या या सोहळ्याला आमच्या गोंडपिपरी भागातूनही माणसे गेली. कोणी बैलगाडीने गेले, कोणी पायी गेले. शिदोरीला भाकरी आणि जवसाची चटणी होती. माझी आजी त्यांतलीच एक. त्या दिवशी तिने नेसलेले पांढरे लुगडे, मंडपाबाहेर उडालेली धूळ, बाबासाहेबांचा दुरून ऐकू आलेला आवाज हे सारे ती अखेरपर्यंत सांगत असे. मात्र त्या दिवसाचे तिचे छायाचित्र नाही. त्या दिवसाचेच कशाला, तिच्या सबंध आयुष्यातले एकही छायाचित्र आमच्या घरात नाही. तिचा चेहरा मला आठवतो. माझ्या मुलांना तो ठाऊक नाही आणि आता तो त्यांना दाखवणेही शक्य नाही.

ही काही आमच्या एका घराची गोष्ट नव्हे. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी असेच असेल. ज्यांनी इतिहास घडताना पाहिला, नव्हे ज्यांनी तो आपल्या पायांनी घडवला, त्या पिढीचे चेहरे आपल्यापाशी नाहीत. पुढच्या पिढीचे थोडेफार आहेत, त्यापुढच्या पिढीचे भरपूर आहेत. हा फरक कशामुळे पडला, याचा विचार करताना माझ्यासमोर एक यंत्र उभे राहते. ते यंत्र म्हणजे फिल्मवर चालणारा एसएलआर कॅमेरा. श्रीमंतांच्या आणि वृत्तपत्रांच्या हातातले हे यंत्र सामान्यांच्या आवाक्यात कसे आले आणि त्याने आपल्या भागात काय केले, हे नव्या विद्यार्थ्यांना सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आजीच्या काळात फोटो काढणे म्हणजे चांद्याला जाणे. स्टुडिओत रंगवलेला पडदा, एक खुर्ची, कुंडीतले झाड आणि तिकाटण्यावरचा मोठा कॅमेरा असे. छायाचित्रकार काळ्या कापडात डोके खुपसून पाही आणि समोरच्याने श्वास रोखून बसायचे. एका फोटोसाठी मजुरीचा दिवस बुडे आणि वर प्रवासाचा खर्च येई. पुढे भारतातच तयार होणारा ‘आगफा क्लिक थ्री’ हा साधा कॅमेरा बऱ्याच मध्यमवर्गीय घरांत आला. त्याच्या एका रोलमध्ये १२ चौकोनी चित्रे निघत. परंतु त्याला लख्ख ऊन लागे. वसतिगृहाच्या खोलीत किंवा सायंकाळच्या बुद्धवंदनेत तो निरुपयोगी ठरे. शिवाय त्यात पाहण्याची खिडकी वेगळी आणि चित्र घेणारे भिंग वेगळे. डोळ्याला दिसते एक आणि फिल्मवर उमटते किंचित निराळे, हा त्याचा मूळ दोष.

एसएलआर कॅमेऱ्याने नेमका हाच दोष दूर केला. त्याच्या भिंगामागे ४५ अंशांत तिरपा बसवलेला एक लहान आरसा असतो. भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून वर जातो, तेथे दुधी काचेवर प्रतिमा उमटते आणि वरच्या पंचकोनी काचेतून ती सरळ होऊन डोळ्यापर्यंत पोहोचते. बटन दाबताच आरसा क्षणभर वर उचलला जातो, पडदा उघडतो आणि तोच प्रकाश मागच्या फिल्मवर पडतो. ज्या भिंगातून पाहायचे त्याच भिंगातून चित्र घ्यायचे. समोरची वस्तू स्पष्ट दिसते की धूसर, हे बटन दाबण्यापूर्वीच स्वतःच्या डोळ्यांनी ठरवता येते. धम्मवंदनेत धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हटले आहे, म्हणजे ‘या आणि स्वतः पाहा’ असे सांगणारा. यंत्राची आणि धम्माची तुलना करण्याचा मोह मी आवरतो. तरीही दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये, स्वतः पाहून खात्री करावी, ही सवय या यंत्राने आम्हां मुलांना लावली, एवढे नमूद केले पाहिजे.

हे तंत्र एका दिवसात सिद्ध झाले नाही. चित्रपटासाठी वापरली जाणारी ३५ मिलिमीटरची फिल्म घालून चालणारा ‘किने एक्झाक्टा’ हा कॅमेरा १९३६ साली जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात बाजारात आला. पंचकोनी काच बसवलेला ‘काँटॅक्स एस’ १९४९ साली त्याच शहरात आला. जपानचा ‘आसाही पेंटॅक्स’ १९५७ साली आणि ‘निकॉन एफ’ १९५९ साली आला. निकॉन वृत्तछायाचित्रकारांच्या गळ्यात दिसू लागला, पण किंमत अशी की सामान्य माणसाने त्याकडे काचेच्या कपाटातूनच पाहावे. खरा पालट १९७६ साली झाला. त्या वर्षी कॅननने ‘एई-१’ बाजारात आणला. प्रकाशाचे गणित करणारा सूक्ष्म संगणक त्यात बसवलेला होता. सुट्या भागांची संख्या घटली, काही भाग प्लॅस्टिकचे झाले, जुळणीत यंत्रांचा वापर वाढला आणि किंमत उतरली. गणित यंत्राने केल्यामुळे नवख्या माणसाची भीतीही उतरली. असे कॅमेरे पन्नास लाखांहून अधिक विकले गेले. त्याच वर्षी पेंटॅक्सने ‘के १०००’ आणला. त्याची वाट अगदी उलट होती. त्यात आपोआप होणारे काहीच नव्हते, म्हणून तो स्वस्त होता, दणकट होता आणि शिकणाऱ्याला सारे हाताने करायला लावत होता. १९९७ पर्यंत तो निघत राहिला आणि जगभर छायाचित्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा कॅमेरा म्हणून ओळखला गेला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कॅनन आणि पेंटॅक्स अमेरिकेतील किंवा जपानमधील सामान्य माणसाला परवडू लागले, तेव्हा आपल्याकडे ते परवडत नव्हते. परदेशी मालावर जबर आयात शुल्क होते आणि परवान्यांची कडक व्यवस्था होती. आपल्यासाठी दार उघडले ते दुसऱ्या दिशेने. सोव्हिएत संघ आणि पूर्व जर्मनी यांच्याशी भारताचा व्यापार रुपयांत होत असे, त्यासाठी डॉलर मोजावे लागत नसत. त्या वाटेने रशियाचा ‘झेनिट’ आणि ड्रेस्डेनचा ‘प्राक्टिका’ हे कॅमेरे भारतीय दुकानांत आले. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यात झेनिट लाखोंच्या संख्येने तयार होत असत. दिसायला ओबडधोबड आणि भिंगासह जवळपास किलोभर वजनाचे हे यंत्र जपानी कॅमेऱ्यापुढे गावंढळ वाटे. पण त्याचे ५८ मिलिमीटरचे ‘हेलिऑस’ भिंग उत्तम होते. ते आट्यांनी फिरवून बसवायचे असे. त्याच मापाच्या आट्या प्राक्टिकाला आणि जुन्या पेंटॅक्सलाही होत्या. त्यामुळे एकाचे भिंग दुसऱ्याला चाले आणि जुन्या बाजारातून घेतलेली वस्तूही वाया जात नसे. वस्तू सामान्यांची होण्यासाठी नुसती किंमत उतरून भागत नाही, ती उसनी देता-घेता यावी लागते.

असाच एक झेनिट आमच्या शाळेत आला. १९८३ सालची गोष्ट. आदल्याच वर्षी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला होता आणि वसतिगृहात दोन्ही जिल्ह्यांची मुले होती. आमच्या चित्रकलेच्या सरांनी कित्येक महिने पगारातून पैसे बाजूला काढून तो कॅमेरा नागपूरहून आणला. भिंगाच्या वर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसणारी काचेची जाळी होती. तो प्रकाशमापक. प्रकाश पडताच त्यातील सेलेनियममधून अल्पशी वीज निर्माण होई आणि काटा हले. त्याला सेल लागत नसे. जेथे टॉर्चचे सेलही आठवडी बाजाराची वाट पाहत, तेथे या गोष्टीचे मोल फार होते. प्रकाशमापकाच्या चकतीवर रशियन आणि जर्मन मापे होती, पण फिल्मच्या डबीवर १०० हा आकडा मोठा छापलेला असे. १०० म्हणजे जर्मन मापात २१, हे सरांनी फळ्यावर लिहून ठेवले होते. पाढ्यांइतकेच ते आम्हांला पाठ झाले.

तीन आठवडे त्यांनी आम्हांला फिल्मविनाच कॅमेरा दिला. भिंगाची कडी पूर्ण उघडायची, समोरचा चेहरा स्पष्ट करायचा, मग कडी ठरलेल्या आकड्यापर्यंत मिटवायची, श्वास धरायचा आणि बटन दाबायचे. आत आरसा असा दणक्यात उचलला जाई की, मुले दचकत. भर उन्हात किती, सावलीत किती, हे प्रत्येकाने आधी अंदाजाने सांगायचे आणि नंतर काटा पाहायचा. त्यानंतर एके दिवशी सरांनी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ नावाची कृष्णधवल फिल्म आणली. रोलमध्ये ३६ चित्रे होती आणि वर्गात आम्ही ३४ मुले-मुली होतो. प्रत्येकाला एक चित्र. सरांनी एवढेच सांगितले की, जे जपून ठेवण्यासारखे वाटेल त्याचे काढा.

त्या एका चित्राने आम्हांला जेवढा विचार करायला लावला तेवढा परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेनेही लावला नसेल. कोणी मित्राचे काढले, कोणी विहारातील बुद्धमूर्तीचे, एका मुलीने स्वतःच्या सायकलचे. भामरागडकडून आलेला एक माडिया मुलगा वर्गात फारसा बोलत नसे, कारण मराठी त्याला नवीन होती. त्याने कॅमेरा घेतला आणि थेट स्वयंपाकघरात गेला. वसतिगृहाच्या मावशी चुलीपुढे तांदूळ निवडत होत्या. ‘माझा कशाला रे बाबा फोटो’ म्हणत त्यांनी पदर तोंडावर ओढला. तो काही बोलला नाही. दाराच्या उजेडाकडे सूप सरकवले, डोळ्याला कॅमेरा लावला आणि वाट पाहत उभा राहिला. बऱ्याच वेळाने मावशींनी तो गेला असेल म्हणून पदर सारला आणि वर पाहिले. तेव्हा त्याने बटन दाबले.

कोठीच्या खोलीत, दाराच्या फटीत गोणपाट कोंबून, सरांनी रात्री तो रोल धुतला. फोटो मोठे करण्याचे यंत्र आमच्याकडे नव्हते. लाल दिव्याखाली निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून, तिच्याएवढ्याच, म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढ्या कॉप्या काढल्या. मावशींची कॉपी मावशींना दिली. त्यांनी ती कमरेच्या पिशवीत ठेवली. पुढे काही वर्षांनी त्या वारल्या, तेव्हा घरच्यांकडे त्यांचे दुसरे कोणतेही छायाचित्र नव्हते. सरांनी जपून ठेवलेली निगेटिव्ह काढून दिली आणि चंद्रपूरच्या स्टुडिओतून तिच्यावरून मोठा फोटो करून आणला. आजही त्यांच्या घरी बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमांशेजारी तो आहे. सूप हातात धरून, किंचित रागाने आणि किंचित हसून, त्या वर पाहत आहेत.

आपल्या घरांतून भिंतीवर पाहिले, तर असे एक तरी चित्र आढळते. पुष्कळदा ते एखाद्या लग्नाच्या किंवा शाळेच्या ग्रुप फोटोतून कापून मोठे केलेले असते, म्हणून अंधूक असते आणि खांद्यावर शेजारच्याचा हात अर्धवट दिसत असतो. तो हात मला फार बोलका वाटतो. कारण आपल्या भागात या कॅमेऱ्याचा प्रसार एकेकट्या माणसांमुळे झाला नाही. शहरांत घरागणिक कॅमेरे आले. येथे एखाद्या होतकरू तरुणाने कर्ज काढून, शेतीचे दोन पैसे घालून, जुना कॅमेरा घेतला आणि दहा-पंधरा गावे त्याच्या कॅमेऱ्याखाली आली. १९९१ नंतर आयातीचे निर्बंध सैल झाले तसे जपानी कॅमेरेही आवाक्यात आले. लग्नसराईत झेनिटच्या जोडीला पेंटॅक्स, याशिका आणि पुढे निकॉनचा ‘एफएम १०’ दिसू लागला. अर्जांना लागणारे पासपोर्ट फोटो त्या तरुणाचे पोट भरत. शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचे पासबुक, परीक्षेचा फॉर्म यांनी त्याचा हप्ता फिटे आणि त्या जोरावर तो गावातली लग्ने, सभा, नामकरणे टिपत असे. रोल संपला की तो एसटीने चंद्रपूरच्या लॅबला जाई. आठ-दहा दिवसांनी पाकीट आले की, अख्खी वस्ती ओट्यावर जमे. म्हणून मला म्हणावेसे वाटते की, आमच्या भागात कॅमेरा घराघरांत आला नाही, तो घराघरांपर्यंत आला. ‘लोकप्रिय’ या शब्दाचा हाही एक अर्थ आहे.

त्याआधी आपली छायाचित्रे कोणी काढलीच नव्हती असे नाही. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवर लिहिलेला चार खंडांचा प्रसिद्ध ग्रंथ १९१६ साली निघाला. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता. त्या ग्रंथात छायाचित्रे आहेत आणि अनेक छायाचित्रांखाली जमातीचे नाव आहे, माणसाचे नाव नाही. पाहणारा बाहेरचा, यंत्र त्याचे, आणि समोरचा माणूस म्हणजे एक नमुना. आपल्या गावातल्या तरुणाच्या हाती कॅमेरा आला तेव्हा हे नाते पालटले. त्याला समोरच्याचे नाव, घर, नाते ठाऊक होते. समोरचा त्याला ‘दादा, जरा थांब, डोक्याला तेल लावू दे’ असे म्हणू शकत होता. आपण कसे दिसावे हे सांगण्याचा अधिकार हा माणूसपणाच्या अधिकारांपैकीच एक आहे. मुंबईतील सुधारक ओलवे यांनी महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची जी कृष्णधवल छायाचित्रे काढली, त्यांतही हेच सामर्थ्य दिसते. तेथे कामगार दयेचा विषय होत नाही, तो आपल्या नजरेला नजर देतो. ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. आमच्या तालुक्यातील छायाचित्रकारांना पुरस्कार मिळाले नाहीत, परंतु त्यांनी केलेले काम त्याच जातीचे होते.

ते युग आता संपले. २००३ साली कॅननने सामान्यांना परवडेल असा डिजिटल एसएलआर आणला आणि २००६ साली निकॉनने आपले बहुतेक फिल्म कॅमेरे बंद करण्याचे जाहीर केले. उटीचा कारखानाही बंद पडला. मला त्याचे दुःख नाही. आज आपल्या विद्यार्थिनीच्या हातातला मोबाइल मावशींसारख्या शंभर जणींना रोज टिपू शकतो, ही आनंदाचीच गोष्ट आहे. चिंता वाटते ती मागे राहिलेल्या ठेव्याची. जुने स्टुडिओ बंद होत आहेत आणि निगेटिव्हची पाकिटे रद्दीत जात आहेत. आपल्याकडचा पावसाळा दमट. भिंगाला, फिल्मला आणि कागदाला बुरशी धरते. रंगीत कॉप्यांचा रंग उडत चालला आहे. दीक्षेच्या पिढीची छायाचित्रे निघालीच नाहीत, तेथे आपला इलाज नव्हता. ज्यांची निघाली त्यांची आपल्या डोळ्यांदेखत गेली, तर मात्र पुढची पिढी आपल्याला विचारेल.

म्हणून आजी-माजी विद्यार्थ्यांना काही साध्या गोष्टी सुचवतो. चिकट पानांच्या अल्बममधील फोटो ओढून काढू नका, फाटतात. पानासकटच त्याचे चित्र घ्या. निगेटिव्ह कोरड्या कागदी पाकिटात, उन्हापासून आणि ओलीपासून दूर ठेवा आणि बोटे न लावता कडेने धरा. गावातील जुन्या छायाचित्रकाराकडे जा. त्याच्या माळ्यावर पत्र्याची पेटी असेल, ती मागा आणि त्याचे नावही लिहून ठेवा, कारण स्वतः काढलेल्या एकाही फोटोत तो नसतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सुट्टीत घरी गेलात की, घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ फोटो घेऊन बसा. हा कोण, ही कोण, हे विचारा. मऊ पेन्सिलीने फोटोच्या मागे हलक्या हाताने नावे लिहा. आडनाव लिहा, गाव लिहा, आठवले तर सालही लिहा. हे काम यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीतच करा. नावे सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.